बुडखा आणि मुहूर्तमेढ

डोंगराखालच्या एका गावात गेनू नावाचा एक भोळा माणूस राहायचा. सांगितलेलं काम तो अगदी सांगितल्यासारखं करायचा. सगळी पंचाईत तिथेच होती.

त्याच्या बहिणीचं, कौसल्येचं लग्न चार दिवसांवर आलं. अंगणात ऐन बोहल्याच्या जागी तोडलेल्या चिंचेचा बुडखा होता. बसलेल्या बैलाएवढा. तो निघाल्याशिवाय मांडव उभा राहणार नव्हता, आणि मांडव दिसला नाही तर वेशीवरूनच परत फिरू, असं वरपक्षाने आधीच कळवलं होतं. आईने गेनूला सांगितलं, भोवती खण आणि मध्ये येईल ते तोड.

मध्ये दगड आला. गेनूने तो तोडायला घेतला. संध्याकाळी दगड होता, कुऱ्हाड नव्हती.

"अरे, कडक लागलं की थांबावं," आई म्हणाली. "मऊ असेल तेच तोडावं."

दुसऱ्या दिवशी मागून आणलेल्या कुऱ्हाडीला नळाचा पाइप लागला. प्लास्टिकचा, म्हणजे मऊच. एका घावात तुटला. आळीचं पाणी गेलं, अंगणात तळं झालं.

मातीखालचं काही तोडण्याआधी ते कुणाचं आहे हे घरोघर विचारावं, असं आईने बजावलं.

तिसऱ्या दिवशी चिंचेचं मूळ लागलं. गेनू विचारायला निघाला.

"यमुनाकाकू, मातीखालचं मूळ तुमचं का?"

"नाही रे बाबा. सरपंचांना विचार. गावात पुरलेलं बरंच काही त्यांचं असतं."

सरपंच दुपारपर्यंत भेटले नाहीत. शेवटी आईने चार गडी बोलावले. त्यांनी पहारी लावून बुडखा उपटला आणि कुंपणाशी लोटला.

आई म्हणाली, "आता अंगणात एक लाकूड रुतलेलं दिसता कामा नये. आणि कुणाला विचारत बसू नकोस."

संध्याकाळी त्याच खड्ड्यात मुहूर्तमेढ रोवली, हळदकुंकू वाहिलं, मांडव घातला. सकाळी गेनूने अंगण पाहिलं. लाकूड रुतलेलं होतं. त्याने कुणाला विचारलं नाही. मेढ उपटून तो मांडवाच्या खांबाला हात घालणार, तेवढ्यात आई धावत आली.

"मेल्या, त्या खड्ड्यात होतं ते होतं तसं परत रोव. घट्ट. हलता कामा नये." एवढं बोलून ती नवरीला हळद लावायला आत गेली.

वेशीवर वाजंत्री वाजली. आई ओवाळायचं ताट घेऊन बाहेर आली. ऐन बोहल्यावर बुडखा होता. भोवती माती चोपलेली, वर आंब्याचा डहाळा बांधलेला.

गेनू घाम पुसत म्हणाला, "होतं तसं रोवलंय, आई. आता चार गड्यांच्यानंही हलायचं नाही. पाणीसुद्धा घातलंय."