गाळलेला सूर

“पण तुम्ही ते ऐकलंत की नाही, बाई?”

अनुग्रह रणनवरे हे तिसऱ्यांदा विचारत होता. पियानोवर पुण्यात नाव मिळवलेला माणूस. जालन्याच्या मिशन कंपाउंडात सलोमीबाई उजगऱ्यांकडे तो सात वर्षं शिकला होता. आज बऱ्याच वर्षांनी, नाताळच्या आदल्या आठवड्यात, दुपारचा त्यांच्यासमोर बसला होता.

नाताळची जुनी गाणी त्याने नुसत्या पियानोवर बसवली होती. संथ, मऊ, उबदार. तासाभराचं ते ध्वनिमुद्रण त्याने बाईंना महिन्यापूर्वी फोनवर पाठवलं होतं. उत्तर आलं नव्हतं.

“लोक मला पत्रं लिहितात,” तो म्हणाला. “दवाखान्यांत लावतात. एका गृहस्थांना दोन वर्षं झोप नव्हती, ती लागायला लागली. आणि तुम्ही एक शब्द कळवला नाहीत.”

“ऐकलं,” बाई म्हणाल्या.

“मग?”

“मलाही झोप लागली.”

अनुग्रह हसला. त्याला हवं होतं ते मिळालं होतं.

“शारोनच्या उशाशी बसले होते,” बाई म्हणाल्या. “तिला श्वास पुरत नव्हता. तीन दिवस माझा डोळा लागला नव्हता. तिला बरं वाटेल म्हणून तुझं लावलं... दुपारचे तीन वाजले होते. ते संपलं, खोलीत आवाज उरला नाही, तेव्हा मला जाग आली.”

“आणि मावशी?”

“गेली होती.”

शारोन ही बाईंची धाकटी बहीण. अनुग्रहला तिनेच लहानपणी चर्चमध्ये गायला उभं केलं होतं. ती गेल्याचं त्याला कोणी कळवलं नव्हतं. त्यानेही महिनाभर कोणाची चौकशी केली नव्हती.

“शांतपणे गेल्या ना?” त्याने विचारलं.

“मला काय माहीत? मी झोपले होते.”

“मी ते सगळं काढून टाकतो, बाई. आजच.”

“कशाला? दमलेली असतात माणसं. झोपू दे त्यांना.”

“मग मी काय करू?”

बाई उठल्या. पियानोवरचा कपडा त्यांनी काढला.

“शारोनचं ते गोठ्याचं गाणं वाजव.”

तो बसला. हात सवयीने चालू लागले. पहिली ओळ, दुसरी. खोली जणू हळूहळू ऊब धरू लागली. तिसऱ्या ओळीत बाईंनी त्याच्या डाव्या मनगटावर हात ठेवला.

“इथे खाली एक सूर होता. मीच शिकवला होता तुला.”

“हो.”

“कुठे गेला?”

“टोचायचा, बाई. वरची चाल इतकी गोड, आणि खाली तो... ऐकणारा दचकायचा. म्हणून गाळला.”

“गोठ्यात थंडी होती,” बाई म्हणाल्या. “बाळंतिणीला घर नव्हतं. घाल तो परत.”

त्याने तिसरी ओळ पुन्हा घेतली. या वेळी डाव्या हाताचं बोट त्या पट्टीवर पडलं.

सूर वरच्या चालीला घासून उभा राहिला. खोली होती तशीच होती, पण कोपऱ्यातली रिकामी खाट आता अनुग्रहला दिसली. तिच्यावर घडी घातलेलं घोंगडं होतं. आल्यापासून तो तिच्याकडे पाठ करून बसला होता.

पुढच्या सुरावर गेलं की हे सगळं सुटणार होतं. गाणं पुन्हा मऊ होणार होतं. त्याचं बोट उचलायला लागलं.

“थांब,” बाई म्हणाल्या.

तो थांबला. सूर बारीक होत चालला. मध्येच असा थरथरला, की संपलाच असं वाटावं... पण अजून होता.

“बाई, नाही थांबवत इथे.” अनुग्रहचा आवाज फाटला होता. “पुढे जाऊ दे मला.”

बाईंनी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी घेतली.

“बोट उचलू नकोस,” त्या म्हणाल्या. “मी नव्हते तिथे. तू तरी थांब.”