कोंडाईची कुदळ

डोंगराच्या कुशीत खिंडवाडी नावाचं एक गाव होतं. गावात शिरायला वाट एकच, अरुंद खिंडीतली. खिंडीच्या वरच्या अंगाला गावाचं तळं. या गावात धानोजी पाथरवट राहायचा. शिळा पडून त्याचा एक पाय अधू झाला होता, पण हात असा की त्याने घडवलेला नंदी आता उठून चालू लागेल असं वाटायचं.

एके वर्षी मळणी आटोपली आणि गावातले झाडून सारे कर्ते पुरुष परगावी देशमुखांच्या घरी लग्नाला गेले. पाटील सर्वांच्या पुढे. तिकडे बुंदीवर ताव मारणं चाललं होतं आणि इकडे लुटारूंना सुगावा लागला. गावात उरले होते बायका, पोरं, म्हातारे आणि लंगडा धानोजी.

खिंडीपलीकडे धूळ दिसताच बायकांनी हंबरडा फोडला. रडली नाही ती एकटी कोंडाई. दोन वर्षांमागे तिचा नवरा वारला होता. कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी बाई. तिने खांद्यावर कुदळ घेतली आणि म्हणाली, "चला, तळ्याचा बांध फोडू."

"अगं, मग वर्षभर प्यायचं काय?" एक म्हातारी ओरडली.

"पाणी पुढच्या पावसात परत येईल, आत्याबाई. गेलेली माणसं येत नाहीत."

बायकांनी बांध फोडला. सारं तळं खिंडीत कोसळलं आणि लुटारू घोड्यांसकट वाहून गेले. पण शेवटचा घाव कोंडाईचा होता. तिच्या पायाखालचा बांध खचला आणि पाण्याने तिलाही नेलं. धानोजीने हे काठावरून पाहिलं. त्याची पाच वर्षांची कृष्णी तेव्हा त्याच्या कडेवर होती. ती वाचली ती कोंडाईमुळे, हे तो जाणून होता.

"तिचा दगड मी घडवीन," तो म्हणाला.

त्या मुलखात रीत अशी होती, की पुरुष लढताना मेला तर त्याची वीरगळ उभी करायची आणि बाई नवऱ्यामागे चितेवर चढली तर सतीचा दगड. सतीच्या दगडावर बांगड्यांनी भरलेला एक हात. बाईसाठी दुसरा दगड कुणी घडवलाच नव्हता. धानोजीने घडवायला घेतला. मोकळं मनगट आणि मुठीत कुदळ. काम निम्म्यावर आलं आणि पाटील बघायला आले. त्यांचा चेहरा पडला.

"धानोजी, उद्या कुणी विचारलं, बाईने कुदळ उचलली तेव्हा पुरुष कुठं होते, तर काय सांगायचं? पंगतीत होते म्हणून? हातात बांगड्या भर. सती गेली म्हणू."

"पाटील, ती सती गेली नाही. तिच्या हातात बांगडीच नव्हती."

"नव्या देवळाचं काम कुणाला द्यायचं, ते अजून ठरलेलं नाही," पाटील म्हणाले आणि चालू लागले.

देवळाचं काम म्हणजे पाथरवटाच्या जन्माचं सोनं. धानोजीने छिन्नी लावली आणि कुदळ उडवली. मनगटावर बांगड्या कोरल्या. फार सुंदर कोरल्या. देवळाचं काम त्यालाच मिळालं.

ज्या बायकांनी बांध फोडला होता, त्यांना घरोघरी दटावलं गेलं. त्या गप्प झाल्या आणि पुढे एकेक करून गेल्या. दगडाला मात्र दर सणाला कुंकू लागायचं.

तीस वर्षं लोटली. देशमुखांकडे पुन्हा लग्न निघालं आणि पुरुष पुन्हा पंगतीला गेले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते काय खोटं? खिंडीपलीकडे पुन्हा धूळ उडाली.

म्हातारा धानोजी काठी टेकत ओरडत सुटला, "बांध फोडा! कोंडाईने फोडला होता! कुदळी घ्या!"

कृष्णी आता पस्तिशीची झाली होती. तिच्या हातात कुंकवाचं ताट होतं. "बाबा, भलत्या वेळी हे काय काढलंत? ती सतीआई. तुम्हीच नाही का घडवली? तिच्या हातात कुदळ कुठंय?"



बायका देवळात जाऊन बसल्या, सतीआईचा धावा करत. दार लाकडाचं, ते कितीसं टिकणार? लुटारूंनी धान्य नेलं, घरं जाळली, बायकांना बांधून नेलं. त्यांत कृष्णीही होती. लंगड्या म्हाताऱ्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. तळं काठोकाठ भरलेलं होतं.

धानोजी छिन्नी घेऊन दगडापाशी गेला. त्याने एकेक बांगडी तासून काढली. मग तो कुदळ कोरायला बसला. पण कोरायला तिथे दगडच उरला नव्हता. तेवढा त्यानेच तीस वर्षांपूर्वी उडवला होता.

तात्पर्य: कर्तबगार बाईचं कर्तृत्व जो पुसतो, तो तिचा मान तर घेतोच, पण आपल्याच लेकीच्या हातचं हत्यारही काढून घेतो.