खडकाईच्या देवळावरचा दोर

कातळवेळ या समुद्रकाठच्या गावी खडकाईच्या देवळावरून एक जाड दोर गेलेला दिसतो. आढ्यावरून तो दोन्ही अंगांना उतरतो आणि जमिनीत निम्म्या पुरलेल्या दोन काळ्या धोंड्यांना आवळलेला असतो. नवखा पाहुणा विचारतो, डागडुजी चालू आहे काय? तेव्हा देवीची पूजाअर्चा करणारे वृद्ध भिवा गुरव त्याला पायरीवर बसवतात आणि आवडा खारविणीची हकीकत सांगतात. ती अशी.

त्या काळी गावात घरे कुडाची आणि छपरे गवताची होती. वादळ आले की माणसे टेकडीवरच्या कपारीत जाऊन बसत, वादळ छपरे नेई, आणि माणसे खाली उतरून पुन्हा शाकारणीला लागत. छपरावर दोर टाकून ते जमिनीला जखडावे, हे कोणाला सुचत नव्हते असे नाही. परंतु दोराने आवळलेले घर तिरडीसारखे दिसते, आणि जित्या माणसांवर तिरडी बांधली की मरण त्या घराची वाट धरते, असा गावाचा समज होता, म्हणे. समज जुना होता, एवढेच त्याचे बळ.

आवडाचा नवरा समुद्राने नेला होता. मागे राहिली एक होडी आणि एक सासू, भागीरथी. होडी दुसऱ्याला चालवायला देऊन मासळीचा जो वाटा मिळे, त्यावर दोघींचे पोट चाले. मागल्या वादळात आवडा सासूला पाठीवर घेऊन टेकडी चढली होती. वाटेत दोघी घसरल्या, आणि म्हातारीची कंबर गेली ती कायमची. आता तिला कुशीवर वळवणेही कठीण होते. पुन्हा वादळ आले तर तिला नेता येणार नव्हते, आणि टाकून जाणे आवडाच्या मनाला शिवत नव्हते. तेव्हा घरानेच जागेवर उभे राहिले पाहिजे, हे तिने ठरवून टाकले.

वैशाखात तिने घराच्या दोन्ही बाजूंना खड्डे खणले आणि किनाऱ्यावरचे धोंडे लोटत आणून त्यांत पुरले. गावाचा मानकरी रघोबा गावकर वाटेवर थांबला.

"आवडे, सासू जिती आहे गो अजून. तिरडीची घाई कसली?"

उत्तर आतून म्हातारीने दिले. "जिती आहे म्हणून ही बांधते, रघोबा. मेले की तुम्ही आहातच."

रघोबाला ते लागले. त्याने देवळात गाव जमवून देवीला कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गुरवाने विचारले, घराला दोर बांधावा काय? डावी पाकळी पडली. डावा कौल म्हणजे नकार. जी बाई नकार मोडील तिला गावातून काथ्याचा एक वेढाही मिळू नये, असे ठरले.

आवडाने देवीला हात जोडले, कपाळ उंबऱ्याला टेकवले, मग ती गावाकडे वळली.

"जे आपल्याला कळत नाही ते देवीला विचारावं. वारा येतो, हे आपल्याला कळतं. तिनं हात दिलेत, ते माझ्यापाशी आहेत. यात विचारायचं काय राहिलं?"

दोर कोणी दिला नाही.

मग ती किनाऱ्यावर गेली आणि तिने आपल्या होडीच्या नांगराचा दोर सोडला. तिने होडी वाळूत जमेल तितकी वर ओढली. इतका मजबूत दोर तिच्यापाशी दुसरा नव्हता.

"होडी गेली तर खायचं काय?" सासूने विचारले.

"छप्पर गेलं तर खाणार कोण?"

"बांध तर मग. आणि गाठ नीट मार. तुझा सासरा ढिली मारायचा."

मृग लागायच्या आधीच वादळ आले. भर दुपारी आभाळ काळवंडले, आणि माणसे टेकडीची वाट धरण्याआधी ओढ्याला पाण्याचा लोंढा येऊन ती वाट तुटली. आवडाने समुद्राकडच्या भिंतीला माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप दुहेरी बांधले, दाराला आडणा घातला आणि आढ्याखाली सासूपाशी बसली. दोर कण्हू लागला. तेव्हा तिने समुद्राच्या दिशेला तोंड करून शांतपणे म्हटले, "ये बाबा. आम्ही घरीच आहोत."

थोड्याच वेळात दारावर थापा पडल्या. दार उघडले तर रघोबा आणि त्याच्यामागे बायकापोरांसह निम्मा गाव. त्यांची छपरे गेली होती. आवडा दार धरून बाजूला उभी राहिली. म्हातारीने मात्र बोलून घेतले, असे सांगतात.

"ये रघोबा. तिरडीवर जागा आहे."

घर थरथरले, गवताचे पुंजके उडाले. दोर धरून राहिला.

वादळ ओसरल्यावर माणसे बाहेर आली. होडी कुठेच नव्हती. देवळाचे छप्पर नाहीसे झाले होते, आणि देवी उघड्या आभाळाखाली भिजत होती. कोणी तरी पाहिले, की मूर्तीला दोनच पाकळ्या उरल्या आहेत: एक डाव्या अंगाला घट्ट चिकटलेली, एक उजवीकडून सुटून पायाशी पडलेली. उजवा कौल, म्हणजे होकार. त्या वाऱ्यात पाकळी टिकते कशी, हे भिवा गुरव सांगत नाहीत. ते फक्त हात जोडतात.

आवडाने आपल्या घरावरचा दोर सोडला आणि डोक्यावर घेऊन देवळात आणला. "माझी होडी गेली, आता नांगराला तो नको," ती म्हणाली. "आधी हिचं घर बांधा." नवे छप्पर चढताच पहिला दोर देवीला पडला. त्याचे एक टोक रघोबाने ओढले. पुढे गावाने आवडाला होडी बांधून दिली. तिने ती घेतली; आभार मानले नाहीत, म्हणे.

आता कातळवेळात घरांवर कौले आली, पत्रे आले, तरी मृगाआधी पहिला दोर देवळावर चढतो, मग घरोघर. गाठ पडली की घरातली थोरली बाई तिच्यावर पाय ठेवून समुद्राकडे पाहते आणि आवडाचेच शब्द म्हणते. लग्न, विहीर, वाटणी, सगळ्याला आजही देवीचा कौल घेतात. छपराला दोर बांधायला मात्र कौल घेत नाहीत.