पासष्ट सालचा कार्बुरेटर

जुन्या गाड्यांच्या शर्यतीत एक जरी पार्ट नकली निघाला, तर गाडी बाद होते. माझ्या पासष्ट सालच्या गाडीला अस्सल कार्बुरेटर काही मिळेना. रडणाऱ्या लेकीला कडेवर घेऊन मी कोल्हापुरातलं पाचवं दुकान गाठलं.

हिंदुरावशेठनी काउंटरवर डबा आपटला. “कंपनीचा सीलबंद माल, पासष्टचाच! ताई, पार्टातलं तुम्हाला काय कळतंय? आधी पोरगी सांभाळा.”

तेही धड जमतंय का, असं मनात म्हणत मी डब्यावर छापलेला पत्ता वाचला. शेवटी पिनकोड होता.

“शेठ, पिनकोड तर बहात्तर साली सुरू झाले ना?”

“बरं, मग?”

“मग गाडी राहू दे. हा डबाच शर्यतीत उतरवते. सात वर्षं पुढे पळालाय!”

शेठ आत गेले आणि पोत्यातून तेलकट, खरा कार्बुरेटर घेऊन आले.