पक्क्या लाल रंगाचा अर्ज

विषय : लाल रंग पक्का मिळण्याबाबत शेळीच्या कातड्याचा अर्ज.

फार पूर्वी, बाभळीच्या सालीत कमावलेले एक कातडे मंजिष्ठेच्या लाल रंगात उतरायला धास्तावले होते. आदल्या कातड्याच्या जोड्यांचा रंग नवरीच्या पायांना लागला होता.

तुरटी म्हणाली, "बाळ, आधी माझ्या पाण्यात मूर. मग रंग धरेल."

"आणि सुटला तर?"

"माझ्याकडे ये," शेजारच्या कुंडातला हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, म्हणाला. "माझ्याकडून गेलेला रंग सुटत नाही."

कातड्याने त्याच्या पाण्यात उडी घेतली आणि बाभळीच्या सालीच्या रसाला लोखंड भेटताच ते काळे पडले. मंजिष्ठेत बुडूनही काळेच राहिले.

"मला लाल हवा होता."

"अर्जात पक्काही लिहिलं होतंस. निम्मा मंजूर झाला समज."

त्या लोखंडाने कडक झालेले कातडे आता घडी घालताच तडकते. लाल करून मिळावे, असा नवा अर्ज त्याने तुरटीकडे केला आहे. तो प्रलंबित आहे.