शिकलेलं सरकारजमा

राजा रणमल्लाने हत्तीसाठी झोपाळा बांधला. तो मोडला. मग जाड साखळ्यांचा दुसरा बांधला. तोही मोडला आणि त्याच्याबरोबर खजिनाही संपला. मिठावर कर होता, मिशांवर होता, कोंबड्याच्या आरवण्यावरही बसवून झाला होता. तेव्हा कारभारी विसाजीपंत म्हणाले, "महाराज, पोरं रोज काहीतरी शिकतात आणि सरकारला त्यातलं काहीच मिळत नाही."

दुसऱ्याच दिवशी दवंडी पिटली. अक्षर शिकलं, पट्टी भरा. पाढा शिकला, पट्टी भरा. जोडाक्षराला दुप्पट.

गावात लखू बुरूड बांबूच्या सुपं-टोपल्या विणून पोट भरायचा. त्याची मुलगी येसू आणि धाकटा बंडू पंतोजींच्या शाळेत जात. पंतोजींना महिन्याला द्यायचा शिधा जमला नाही की लखू त्याऐवजी टोपल्या द्यायचा. पंतोजींच्या घरी इतक्या टोपल्या झाल्या होत्या की ते त्यांवरच अंथरूण घालून झोपत.

"येसू, उद्यापासून दोघांनी शाळेत जायचं नाही," लखू म्हणाला. "पंतोजींचा शिधा देतो तेव्हाच घरातली आमटी पातळ होते. त्यावर पट्टी भरली तर नुसतं पाणी प्यावं लागेल."

"आणि आजवर शिकलो त्याचं काय, आबा?"

"त्याचीही पट्टी मागतायत. शिपायानं आपल्या बंडूला विचारलं, सात आठे किती? यानं लगेच सांगितलं."

"पण मला येत होतं," बंडू म्हणाला.

"तेच तर म्हणतोय. गप्प बसता येत नव्हतं का?"

शाळा सोडायला येसू तयार नव्हती. ती बापाला घेऊन थेट दरबारात गेली आणि पट्टी माफ करा म्हणाली. राजाने मान हलवली.

"माफी नाही. पैसे नसतील तर जप्ती. पोरं जे शिकलीत ते उद्या सकाळी सरकारजमा करा."

"म्हणजे कसं, महाराज?" लखूने विचारलं.

"ते तुमचं तुम्ही बघा. नाही जमलं तर दुप्पट पट्टी."

विसाजीपंतांनी कौतुकाने मान डोलवली. येसूने विचारलं, "फक्त आमचंच जमा करायचं, की ज्यांना ज्यांना पट्टी झेपत नाही त्या सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं."

"जशी आज्ञा."

बाहेर आल्यावर लखू तिच्यावर उखडला. "जशी आज्ञा काय म्हणतेस? डोक्यातलं बाहेर काढणार कसं?"

"काढायचं कशाला, आबा?" येसू म्हणाली आणि संध्याकाळभर घरोघर फिरून आली.

सकाळी राजा जागा झाला तो गलक्याने. राजवाड्याचं अंगण पोरांनी भरलं होतं. एक जण दोनचा पाढा म्हणत होता, दुसरा अकराचा, एक मुलगी बाराखडी घोकत होती. राजा पागोटं सावरत बाहेर आला.

"हे काय आहे?"

"सरकारजमा करायला आणलंय, महाराज," येसू म्हणाली.

"ही तर पोरं आहेत."

"विद्या आत आहे. तुम्ही तेल जप्त करता तेव्हा बुधलाही नेताच ना?"

"न्यावाच लागतो," विसाजीपंत म्हणाले.

"तसंच हे. आम्ही काढून बघितलं. बंडूला उलटासुद्धा धरला. खिशातलं चिंचेचं बुटुक पडलं, पाढा काही पडला नाही."

राजा हट्टाला पेटला. "ठीक आहे. टाका सगळ्यांना जप्तीच्या कोठारात."

पोरं आनंदाने आत गेली, येसू तेवढी बाहेर थांबली. घटकाभरात आतून ओरडा सुरू झाला. भूक लागली होती.

"भुकेचं घरी जाऊन बघा म्हणावं," राजा म्हणाला.

"असं कसं, महाराज?" येसू म्हणाली. "कारभारी, मागे आमची म्हैस जप्त केली होती. तिला वैरण कोण घालायचं?"

"सरकार. जप्तीचं जनावर उपाशी ठेवायचं नाही, असा दस्तूर आहे."

"आणि ती आटू नये म्हणून?"

"रोज धार काढायला सरकारी गवळी यायचा," पंत म्हणाले आणि मग आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं.

"मग झालं तर. पोरांना दोन वेळची भाकरी सरकारची. आणि रोज उजळणी केली नाही तर विद्याही आटते. तेव्हा रोज पंतोजी लागतील."

कोपऱ्यात उभे असलेले पंतोजी चटकन पुढे आले. "मी शिधा घेईन. टोपल्या मात्र नकोत."

"किती दिवस पोसायचं यांना?" राजाने विचारलं.

"मालक पट्टी भरून सोडवून नेईपर्यंत. सगळ्यांच्या आईबापांनी निरोप दिलाय, अजिबात घाई नाही म्हणून."

राजाने कपाळावरचा घाम पुसला. मग त्याचे डोळे चमकले. "पण इथं ती रोज नवीन काहीतरी शिकतील. त्याची पट्टी तर मिळेल?"

"मिळेल की," येसू म्हणाली. "पण माल आता तुमचा आहे, महाराज. तेव्हा ती पट्टी तुम्हीच भरायची आणि तुम्हीच घ्यायची. आणि पोरगं जोडाक्षरं शिकलं तर दुप्पट."

राजाने विसाजीपंतांकडे पाहिलं. पंत बोटांवर हिशेब करत होते आणि तो जुळत नव्हता. ते बघून राजाला हसू फुटलं. हसता हसता तो पायरीवरच बसला.

"कोठार उघडा! पट्टी रद्द. आणि येसू, तुला काय बक्षीस हवं ते माग."

"पंतोजींचा शिधा सरकारातून द्या, महाराज."

"अगं, तोच वाचला म्हणून तर मी हसत होतो," राजा म्हणाला आणि पुन्हा हसत सुटला. "बरं, दिला. पण पोरं जेवतील तुमच्याच घरी!"