पायाच्या अंगठ्याची साक्ष

फार जुन्या काळी, काळ्या दगडाच्या डोंगराखाली वसलेल्या एका गावात एक वैद्य राहत असत. नाडीवर बोटं ठेवून दुखणं ओळखण्यात पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. ते म्हणाले माणूस उठेल, की घरात चूल पेटायची. ते म्हणाले आशा नाही, की रडारड सुरू व्हायची. इतक्या वर्षांत त्यांना कोणी उलट प्रश्न केला नव्हता, आणि त्यांनीही तो स्वतःला कधी केला नव्हता.

त्याच गावात येसबा नावाचा पाथरवट होता. जाती, पाटे, उखळं घडवायचा. एक दिवस खाणीत वरून दगड निसटला आणि त्याच्या डोक्याला लागला. जखम भरून आली, पण येसबा काही जागा झाला नाही. डोळे मिटलेले, हातपाय लुळे. तोंडात पेज घातली तर तेवढी हळूहळू गिळायचा.

वैद्यबुवांनी सगळे उपाय केले. कानाशी हाका मारल्या, दंडाला चिमटे काढले, तळहाताला सुई टोचली, नाकाशी चिरलेला कांदा धरला. येसबा हलला नाही. असे दोन महिने गेले. शेवटी त्याच्या उशाशी उभं राहून ते त्याच्या बायकोला म्हणाले, "साळू, श्वास चालतोय तो नुसता भात्यासारखा. आत कोणी नाही. हा आता ओंडका झालाय."

साळूने पदर तोंडाला लावला. पण वैद्यबुवा अंगणात पोचले तशी ती मागोमाग आली.

"बुवा, ह्यांच्या उजव्या पायाचा अंगठा हलतो."

"हलत असेल. पालीची तुटलेली शेपटीसुद्धा हलते. तिला काय कळतं?"

"तसा नाही हलत. धाकटे भावजी इथे अंगणात दगड ठोकून बघतात ना, तेव्हा हलतो. चांगला दगड खणखणीत वाजला की काही नाही. चीर पडलेला दगड बद्द वाजला, की हलतो. पालीच्या शेपटीला दगड कळतो का, बुवा?"

वैद्यबुवांना तिचा राग आला. "मनात आस असली की नसलेलंही दिसायला लागतं, बाई," एवढं बोलून ते चालते झाले.

येसबासाठी गावातली घरं आळीपाळीने पेज पाठवत होती. त्याला कुशीवर वळवायला रोज दोन माणसं जात होती. पण ते वर्ष टंचाईचं होतं आणि लोक दमले होते. पाटलांनी चावडीवर बैठक बोलावली. पेज बंद करावी, म्हणजे त्याचाही जीव सुटेल आणि साळूलाही माहेरी जाता येईल, असं बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं.

शास्त्रीबुवा म्हणाले, "चैतन्य कधी मरत नाही. ते देहातून निघून गेलं असेल, तर मागे राहिलेला देह सांभाळत बसणं हा नुसता मोह."

पाटील म्हणाले, "तुमचं शास्त्र मला कळत नाही. पण जो बोलत नाही, कुणाला ओळखत नाही, कुणाच्या कामाला येत नाही, त्याला गावातला माणूस तरी कसं म्हणायचं?" मग ते वैद्यांकडे वळले. "बुवा, येसबा आत आहे की नाही, ते तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तसं करू."

'नाही' हा शब्द वैद्यबुवांच्या ओठांवर आला होता. पण पालीच्या शेपटीला दगड कळतो का, हा प्रश्न मधेच आडवा आला. चिमटे, सुया, कांदा, हे सगळं वैद्याच्या पोतडीतलं. येसबाला जे कळतं, ते आपण त्याला कधी विचारलंच नाही.

"उद्या सकाळी सांगतो," ते म्हणाले.

दुपारी ते पाथरवटाच्या घरी गेले. साळूला त्यांनी शेजारी पाठवलं, तिने काही खूण केली असं व्हायला नको म्हणून. येसबाच्या धाकट्या भावाला भिंतीपलीकडे बसवलं. "बारा दगड घे. त्यात तीन चिरलेले मिसळ. कुठला कधी वाजवणार ते मला सांगू नकोस." स्वतः ते येसबाच्या पायाशी बसले, हातात कोळसा घेऊन.

दगड एकेक करून वाजू लागले. वैद्यांना सगळे आवाज सारखेच वाटत होते. पण अंगठा हलला, अगदी थोडा, की ते भिंतीवर रेघ ओढत. चार रेघा झाल्या. तिसरा दगड, पाचवा, सातवा आणि दहावा.

"चिरलेले कुठले होते?" त्यांनी विचारलं.

"तिसरा, सातवा न् दहावा," भाऊ म्हणाला. "पाचवा चांगला होता."

वैद्यबुवांना हायसं वाटलं. एक चुकला, म्हणजे बाकीचे तीन योगायोगाने जुळले असणार. ते पोतडी उचलून उठलेसुद्धा. मग आपल्याला हायसं का वाटलं, याचीच त्यांना लाज वाटली. ते परत खाली बसले.

"तो पाचवा फोड," ते म्हणाले.

भावाने पाचर ठोकली. दगड दुभंगला. आतल्या बाजूला केसाएवढी बारीक, तांबूस चीर होती. बाहेरून तिचा मागमूस नव्हता.

"दादालाच कळायचं हे," भाऊ हळूच म्हणाला. "मला अजून नाही कळत."

वैद्यबुवांना एक म्हातारी आठवली. मागच्या वर्षी तिच्या उशाशी उभं राहून त्यांनी तिच्या मुलाला सरणाची लाकडं आणून ठेवायला सांगितलं होतं. त्यानंतर तिचा श्वास आणखी चार दिवस चालू होता.

ते येसबाच्या कानाशी वाकले. "येसबा, मी तुला ओंडका म्हणालो, ते ऐकलंस? ऐकलं असशील तर अंगठा हलव."

अंगठा हलला.

सकाळी चावडीच्या पायरीवरच त्यांनी पाटलांना सगळं सांगितलं. पाटील चतुर माणूस. ते म्हणाले, "मग तुमच्या औषधाला गुण आला असं सांगू या. येसबाही वाचेल, तुमचा मानही राहील."

सांगायला सोपं होतं, आणि कोणाला कळलंही नसतं. वैद्यबुवा आत जाऊन सगळ्यांसमोर उभे राहिले.

"औषधाने काही झालेलं नाही," ते म्हणाले. "येसबा आत आहे, आणि तो आजच आलेला नाही. साळू सांगत होती, मी ऐकलं नाही. मी चुकलो."

चावडीत कुजबुज सुरू झाली. मागच्या रांगेतून त्या म्हातारीचा मुलगा उठला. "मग माझ्या आईचं काय, बुवा?"

"माहीत नाही, बाबा," वैद्य म्हणाले. "तिला विचारायचं राहूनच गेलं."

तो मुलगा पुन्हा कधी त्यांच्या दारात आला नाही. आणखीही काही घरं दुसऱ्या गावच्या वैद्याकडे जाऊ लागली. पण येसबाची पेज चालू राहिली, आणि कुशीवर वळवायला येणारी माणसं आता आल्यावर त्याला रामराम घालू लागली.

पुढे वर्षभराने येसबाचे डोळे उघडले. मग जीभ सैल झाली. छिन्नी काही त्याला पुन्हा धरता आली नाही, पण खाटेवर बसून तो भावाला दगड पारखायला शिकवू लागला.

एकदा वैद्यबुवांनी त्याला विचारलं, "सगळ्यात जड काय गेलं रे? सुई? चिमटे?"

येसबा थांबत थांबत बोलला, "ते कळतच नव्हतं. पण सगळे माझ्याबद्दल बोलायचे. माझ्याशी कोणी नाही. साळू तेवढी बोलायची. आज भाजी काय केली, सांगायची. म्हणून मी होतो."

त्या दिवसापासून वैद्यबुवांनी एक नेम धरला. रोगी कितीही निपचित पडलेला असो, ते आधी त्याच्याजवळ बसत आणि म्हणत, "मी वैद्य आलोय. तुमचा हात हातात घेतो हं." आणि थोडं थांबून मगच नाडी बघत.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: समोरून उत्तर आलं नाही म्हणजे आत कोणी नाही, असं समजू नये. दुसऱ्याची जाणीव आपल्याला दिसत नसते. ती आहे असं धरून वागणं मात्र आपल्या हातात असतं.